कौतिक दिसत नाही, ऐकू येते

माझ्या भाचीची मुलगी सातवीत आहे. मागच्या महिन्यात तिला मराठीची एक वर्कशीट आली. वर अर्ध्या पानाचा उतारा, खाली मोठी रिकामी चौकट आणि सूचना : ‘डोळे मिटा. उताऱ्यातला प्रसंग डोळ्यांपुढे आणा. जे दिसेल ते चौकटीत काढा.’ पोरीने प्रामाणिकपणे डोळे मिटले. मग चौकट कोरी ठेवून खाली पेन्सिलीने लिहिलं, ‘मला काही दिसत नाही.’ वर्कशीट परत आली ती लाल शाईतल्या शेऱ्यासकट : ‘कल्पनाशक्ती वाढवावी. मोबाईल कमी करावा.’

शेऱ्याचा फोटो घरच्या ग्रुपवर पडला आणि दोन दिवस तिथे रण माजलं. एका बाजूचं म्हणणं असं, की रील्स बघून बघून या पिढीच्या डोक्याला आयत्या चित्राची सवय लागली आहे; आमच्या वेळी कादंबरी उघडली की सगळं कसं डोळ्यांपुढे उभं राहायचं. दुसऱ्या बाजूचे म्हणत होते, अशी एक अवस्थाच असते, तिला शास्त्रीय नावही आहे, त्या बिचारीला गोष्टी-कादंबऱ्यांच्या नादी लावूच नका, तिला त्यातून मिळणार काय? हा वाद आमच्या घरापुरता नाही. वाचनकट्ट्यांवर, पुरवण्यांमधून, शिक्षकांच्या बोलण्यातून तो मी गेली काही वर्षं ऐकते आहे. दोन्ही बाजू एकमेकींवर तुटून पडतात, पण एक गोष्ट दोघींनी न तपासताच मान्य केलेली असते : वाचणं म्हणजे मनातल्या पडद्यावर सिनेमा पाहणं. एकीला तो सिनेमा बंद पडल्याचं दुःख, दुसरीला ज्याच्याकडे पडदाच नाही त्याची कीव.

मला ते मूळ गृहीतकच चूक वाटतं. वाचताना चित्र दिसणं हा वाचनाचा एक प्रकार आहे, आनंदाचा प्रकार आहे. पण त्यावरून कुणाच्या कल्पनाशक्तीचं माप काढता येत नाही, आणि चित्र दाखवणं हे कादंबरीचं मुख्य काम तर अजिबात नाही. हे मी कोरड्या डोळ्यांची वाचक म्हणून सांगत नाही. मला भरपूर दिसतं. बस, माळ, पाऊस, माणसांच्या हातातल्या पिशव्या, सगळं दिसतं. आणि पन्नाशीपर्यंत मीही समजत होते, की ज्याला दिसत नाही त्याने नीट वाचलेलंच नाही.

तो समज माझ्या थोरल्या बहिणीने मोडला. ती या मुलीची आजी. महिन्याला तीन-चार जाडजूड पुस्तकं सहज संपवणारी, पात्रांशी भांडणारी, रात्री दोनला पुस्तक मिटून रडत बसणारी बाई. दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघींनी उद्धव शेळक्यांची ‘धग’ पुन्हा वाचायला घेतली. १९६० सालची कादंबरी, वऱ्हाडातली, कौतिक नावाच्या बाईची. बोलता बोलता मी विचारलं, “ताई, तुझी कौतिक दिसते कशी?” ती माझ्याकडे बघत राहिली. “दिसते म्हणजे?” मी म्हटलं, म्हणजे डोळ्यांपुढे येते ना, उंच, बुटकी, पातळाचा रंग कुठला? “अगं,” ती म्हणाली, “डोळ्यांपुढे येतं म्हणतात ते मला आजवर बोलण्याची रीत वाटायची. काळजाचं पाणी झालं म्हणतो तसं. कुणाचं खरंच पाणी होतं का?” आणि मग थोडं थांबून, “कौतिक मला दिसत नाही. ऐकू येते. ती कुठल्या वाक्यानंतर गप्प बसेल तेही मला आधी कळतं.” पासष्टीला आलेल्या बाईला त्या दुपारी पहिल्यांदा समजलं, की बाकीचे लोक ‘दिसतं’ म्हणतात ते शब्दशः म्हणतात. आणि मला समजलं, की माझ्यापेक्षा कितीतरी बारकाईने वाचणाऱ्या बाईने आयुष्यात एकही पात्र पाहिलेलं नाही.

ताईचा हा धक्का फार जुना आहे. १८८० साली फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने इंग्लंडमधल्या ओळखीच्या लोकांना एक प्रश्नावली पाठवली. आज सकाळी नाश्त्याच्या टेबलावर तुम्ही बसला होतात, ते टेबल आता आठवा; चित्र उजळ आहे की अंधूक, कडा स्पष्ट आहेत का, रंग खरे वाटतात का? सुरुवात त्याने शास्त्रज्ञ मित्रांपासून केली होती. त्यांतल्या कित्येकांचं उत्तर जवळपास ताईचंच होतं : ‘मनाचे डोळे’ हा केवळ अलंकार आहे, असं काही खरोखर दिसत असेल हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. गॉल्टन चकित झाला. त्याने निष्कर्ष काढला, की अमूर्त विचार करणाऱ्यांची ही चित्रं पुसट होत जात असावीत. पुढच्या संशोधकांनी या निष्कर्षावर शंका घेतली आहे, पण त्याची दिशा बघण्यासारखी आहे. तेव्हा चित्र न दिसणं हे खोल विचाराचं लक्षण ठरत होतं. आज तेच उथळपणाचं लक्षण ठरतं आहे. एकाच गोष्टीला दोन काळांत दोन उलट प्रमाणपत्रं मिळत असतील, तर प्रमाणपत्रं देणाऱ्यांकडेच संशयाने बघायला नको का?

त्यानंतर हा विषय शतकभर बहुतेक मागेच पडला. २०१० साली अ‍ॅडम झेमन या मेंदूतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा एका गृहस्थांची हकिगत प्रसिद्ध केली, ज्यांची मनातली चित्रं हृदयावरच्या एका उपचारानंतर एकाएकी नाहीशी झाली होती. ती वाचून लोक कळवू लागले, आम्ही जन्मापासून असेच आहोत. त्यांतल्या २१ जणांवरचा निबंध २०१५ मध्ये आला आणि मनात चित्रं न दिसण्यासाठी ‘अफँटेशिया’ हा शब्द जन्मला. आजचे अंदाज शंभरात एक ते चार माणसं असे आहेत. दुसऱ्या टोकाला, ज्यांना सगळं प्रत्यक्षाइतकं लख्ख दिसतं, असेही लोक आहेत. आपण बाकीचे मधल्या लांबलचक पट्ट्यात कुठेतरी. आणि ज्यांच्या मनात काहीच दिसत नाही त्यांच्यात कोण निघालं? पिक्सार या अ‍ॅनिमेशन कंपनीचे एक संस्थापक एड कॅटमल. डिस्नेच्या ‘द लिटल मर्मेड’मधली एरियल ज्यांनी कागदावर जिवंत केली ते ग्लेन कीन. कीन यांना आधी काही दिसत नाही; रेघा ओढत, खोडत, पुन्हा ओढत ते आकृतीपर्यंत पोचतात. अशा माणसाच्या वर्कशीटवर ‘कल्पनाशक्ती वाढवावी’ असं कुणी लिहिलं असतं तर?

आता मी स्वतःकडे वळते. मला दिसतं म्हणजे नेमकं काय दिसतं? माझं आजोळ वाईचं, मधल्या आळीतलं. ओटी, ओटीवरून माजघर, माजघराच्या उजव्या हाताला अंधारा लाकडी जिना, त्याची तिसरी पायरी दबणारी. गेल्या चाळीस वर्षांत मी वाचलेल्या कादंबऱ्यांमध्ये जिथे जिथे जुनं मोठं घर आलं, तिथे तिथे हा जिना आलेला आहे. पुण्याचा वाडा असो, कोकणातलं चौसोपी घर असो, माझ्यासाठी तो उजवीकडेच. रशियन जमीनदाराच्या घरातली आजारी म्हातारीसुद्धा माझ्या मनात वाईच्या माजघरात झोपते. लेखकाने जिना डावीकडे असल्याचं सरळ लिहिलेलं असतं, ते मी वाचते, पुढे जाते, आणि जिना जागचा हलत नाही. हे चित्र मला पुस्तकाने दिलेलं नाही. ते मी पुस्तकावर चढवलेलं आहे.

याहून मोठी फजिती ‘मादाम बोव्हारी’ने केली. तिच्या नायिकेचे, एमाचे, डोळे लेखक फ्लोबेर आधी तपकिरी सांगतो, पापण्यांमुळे काळे भासणारे. पुढे तेच डोळे सावलीत काळे आणि उजेडात गडद निळे होतात. मी ही कादंबरी दोनदा वाचली, दोन्ही वेळा एमा मला ‘स्पष्ट दिसत’ होती, आणि रंगाचा हा घोळ कुणीतरी बोट ठेवून दाखवेपर्यंत माझ्या ध्यानात आला नाही. स्पष्ट दिसणाऱ्या माणसाच्या डोळ्यांचा रंग बदलला तर कळू नये? याचा अर्थ मी ज्याला स्पष्ट म्हणत होते ती चित्रातली स्पष्टता नव्हती. एमाची घुसमट मला स्पष्ट कळत होती, आणि त्या कळण्याला मी दिसणं म्हणत होते. आपल्या भाषेलाही दुसरं सोपं क्रियापद सुचत नाही. दहावीच्या रसग्रहणापासून पुस्तक-परीक्षणांपर्यंत आपण सगळे एकच वाक्य वापरतो, ‘लेखकाने प्रसंग डोळ्यांसमोर उभा केला’, आणि त्या एका वाक्याच्या पोटात दहा निरनिराळे अनुभव कोंबतो.

जी चित्रं खरोखर दिसतात, ती तरी आपली स्वतःची असतात का? बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा वाचत मोठ्या झालेल्यांना झुंझारचा चेहरा विचारा. ते रघुवीर मुळगावकरांनी रंगवलेल्या मुखपृष्ठाचं वर्णन करतील. ‘श्यामची आई’ साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. पण १९५३ साली अत्र्यांचा चित्रपट आला, आणि त्यानंतरच्या कितीतरी वाचकांसाठी ती आई कायमची वनमालाबाई झाली. देवादिकांचं तर विचारूच नका. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तिथून लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं घरोघर भिंतींवर गेली, आणि आज पोथी वाचताना ‘माझ्या मनात’ उमटणारी सरस्वती बहुतांशी त्या शिळाछापाची नात आहे. यात वाईट काही नाही, मलाही ती सरस्वती आवडते. पण मग ‘आमच्या वेळी आम्ही मनाने चित्रं रचायचो, आजची मुलं आयती घेतात’ हा दावा इतक्या ठासून करायला आधार कुठला? आयती चित्रं आपणही घेतलीच की. फक्त ती हलत नव्हती.

माझ्या विरोधातला सगळ्यांत भक्कम पुरावा प्रयोगशाळेतला आहे आणि तो टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जोएल पिअर्सन यांच्या गटाने लोकांना अंधाऱ्या खोलीत बसवून पडद्यावर एकेक वाक्य करून भीतिदायक प्रसंग वाचायला दिले : तुम्ही समुद्रात आहात, पाण्यात काहीतरी हललं, अशा धर्तीचे. वाचताना त्वचेवर येणाऱ्या सूक्ष्म घामाची नोंद घेतली. ज्यांना मनात चित्रं दिसतात त्यांच्यात भीतीचा आलेख चढत गेला. ज्यांना दिसत नाहीत त्यांचा जवळपास सपाट राहिला. तेच लोक भीतिदायक छायाचित्रं बघताना मात्र इतरांइतकेच घाबरले. हा निबंध २०२१ चा. पुढे २०२४ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी कथा वाचायला देऊन पाहिलं. चित्रं न दिसणाऱ्यांची तल्लीनता आणि पात्रांबद्दलची सहानुभूती सरासरीने कमी भरली. म्हणजे चित्र आणि भावना यांचं नातं खरं आहे. मी ते नाकारत नाही. मला स्वतःला ते नातं रोज अनुभवायला मिळतं.

पण या प्रयोगांतून जितकं निघतं तितकंच घ्यावं. पहिल्या प्रयोगातली वाक्यं ‘तुम्ही’ला उद्देशून लिहिलेली सुटी वाक्यं आहेत. त्यात माणूस नाही, त्याचं काल-परवा नाही, कुणाचं कुणाशी देणंघेणं नाही. तिथे भीतीला आत यायला चित्राखेरीज दुसरी वाटच ठेवलेली नाही. ती वाट बंद असणाऱ्याकडे भीती पोचली नाही यात नवल काय? कादंबरीतली भीती शार्कची नसते. दोनशे पानं ज्या बाईबरोबर आपण संसार केला, तिच्या नवऱ्याने उंबऱ्यात चपला नेहमीपेक्षा सावकाश काढल्या एवढ्यावर छातीत धस्स होतं. ते धस्स होण्यासाठी चपला दिसाव्या लागत नाहीत. ‘नेहमीपेक्षा’ या शब्दाचं वजन कळावं लागतं. आणि दुसऱ्या अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली, ती या वादात कुणी सांगत नाही : कथा आवडण्यात, तिची कदर करण्यात दोन्ही गटांत फरक नव्हता. चित्राची वाट बंद असूनही ही माणसं त्याच ठिकाणी येऊन पोचली. कुठल्या वाटेने आली, हा प्रश्न मला त्यांच्या उणिवेपेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो.

दुसरा आक्षेप आपल्याच घरातला. परंपरेचे अभ्यासक म्हणतील, आपलं काव्यशास्त्र तर डोळ्यांपुढे उभं करण्यालाच मान देतं. खरं आहे. होऊन गेलेल्या आणि होणार असलेल्या गोष्टी जणू प्रत्यक्ष दिसतात, त्या गुणाला भामहाने ‘भाविक’ म्हटलं. आणि अभिनवगुप्ताने रसाची उकल करताना उदाहरण घेतलं ते ‘शाकुंतला’तल्या पहिल्या अंकातल्या हरणाचं. मान वळवून मागच्या रथाकडे पुन्हा पुन्हा बघणारं, बाण लागेल या धास्तीने मागचं अंग पुढच्या अंगात ओढून घेणारं, धापा टाकताना उघड्या तोंडातून अर्धवट चावलेलं दर्भाचं गवत वाटेवर सांडत जाणारं, जमिनीपेक्षा हवेतच जास्त धावणारं ते हरण. याहून चित्रमय श्लोक शोधून सापडायचा नाही. इथे तरी चित्र हेच सर्वस्व, असं कुणालाही वाटेल.

पण अभिनवगुप्त पुढे काय म्हणतो ते नीट वाचावं. वाक्याचा अर्थ कळल्यावर मनात प्रत्यक्षासारखी प्रतीती उमटते, हे तो मान्य करतो. मग लगेच सांगतो, की तिच्यात भासणाऱ्या हरणाला ‘विशेषरूप’ नसतं. ते अमुक एक हरण नव्हे. उरतं ते नुसतं भय, स्थळकाळाने न वेढलेलं. तेच भय साक्षात जणू हृदयात शिरतं, डोळ्यांपुढे जणू फिरतं, आणि तो भयानक रस. वाक्यरचना बघा. डोळ्यांपुढे फिरणारं हरण नाही, भय आहे. त्यालाही ‘इव’, म्हणजे ‘जणू’, लावलेला आहे. आणि क्रमात हृदय आधी आहे, डोळे नंतर. हजार वर्षांपूर्वीच्या काश्मिरी पंडिताने जी बारीक रेघ इतक्या जपून ओढली, ती आपण ‘डोळे मिटा, दिसेल ते काढा’ म्हणून पुसून टाकायची? हरणाचं चित्र कुणाला दिसेल, कुणाला नाही. पण वाटेवर सांडत गेलेलं ते गवत वाचून ज्याच्या पोटात खड्डा पडला, त्याला श्लोक मिळाला.

आणि डोळ्यांनाच एवढा मान का? ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात ‘माझा मराठाचि बोलु कौतुकें’ ही ओवी आपल्या सगळ्यांना पाठ असते. तिच्या पुढच्या ओव्या फार कमी जण म्हणतात. तिथे ज्ञानदेव सांगतात, की या बोलांच्या रसाळपणाच्या लोभाने कानांनाच जिभा फुटतील, ‘बोले इंद्रियां लागे कळंभा एकमेकां’. शब्द खरं तर कानाचा विषय, पण जीभ म्हणते हा रस माझा, नाक म्हणतं हा परिमळ माझा, आणि डोळे म्हणतात ही तर रूपाची खाण उघडली. इंद्रियांचं एकमेकांत भांडण लागतं. त्या भांडणात डोळे आहेत, पण डोळ्यांच्या बाजूने निकाल लागलेला नाही. शब्दाची ताकद कशात आहे याचं याहून नेमकं वर्णन मी कुठे वाचलेलं नाही. ताईच्या बाबतीत भांडण कानाने जिंकलं, एवढंच. कीर्तनाला आणि ओवीला कान देणाऱ्या, १९५५ साली पुणे आकाशवाणीवर गीतरामायण लागलं की रेडिओभोवती जमणाऱ्या समाजाला हे वेगळं समजावून सांगावं लागावं, याचं मला वाईट वाटतं.

मग लेखक वर्णनं करतात कशाला, असा प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. व्यंकटेश माडगूळकर स्वतः चित्रं काढणारे लेखक. ‘बनगरवाडी’ वाचताना माणदेशचा माळ माझ्यापुढे येतो, आणि तो आनंद मी कुणाला विकणार नाही. पण चांगलं वर्णन माहिती पुरवून थांबत नाही. जर्मन समीक्षक लेसिंगने १७६६ साली ‘लाओकून’ या ग्रंथात होमरकडे बोट दाखवून हीच गोष्ट सांगितली. जिच्यामुळे दहा वर्षं युद्ध चाललं त्या हेलनचं रूप ‘इलियड’मध्ये नाकीडोळी कुठेच वर्णिलेलं नाही. ती तटावर येते तेव्हा तिथे बसलेली ट्रॉयची म्हातारी माणसं हळू आवाजात एकमेकांना म्हणतात, अशा बाईसाठी दोन्ही सैन्यांनी इतकी वर्षं हाल सोसले यात दोष देण्यासारखं काही नाही. तरीही तिने परत जावं हे बरं. ज्यांची मुलं त्या युद्धात उतरलेली आहेत, ती माणसं हे बोलतात. हेलनचे ओठ कसे होते ते मला आजही सांगता येणार नाही, आणि तिच्या सौंदर्याबद्दल माझ्या मनात शंकाही नाही. फ्लोबेरने १८६२ मध्ये आपल्या पुस्तकात चित्रं घालायला नकार दिला तो याच कारणाने : काढलेली बाई एकाच बाईसारखी दिसते, लिहिलेली बाई हजार बायकांची आठवण जागवते. काफ्काने तर १९१५ साली प्रकाशकाला पत्र लिहून विनवलं, की ‘मेटॅमॉर्फोसिस’ या माणसाचा किडा झालेल्या कथेच्या मुखपृष्ठावर तो किडा काढू नका, लांबूनसुद्धा दाखवू नका. शेवटी छापलं गेलं ते अर्धवट उघड्या दारापासून तोंड झाकून वळलेल्या माणसाचं चित्र. दार उघडं, आत काळोख. त्या कथेतला किडा पाय मोजून बघायचा किडा नाही. घरातल्यांनी दार लोटून घेतल्यावर आत जे उरतं ते आहे.

राहिला मोबाईल. मुलांचं लक्ष तुटतं आहे, सलग वीस पानं बसून वाचणं अवघड झालं आहे, हे मी घरात बघते आणि त्याबद्दल माझं दुमत नाही. पण लक्ष तुटणं आणि चित्र न दिसणं या दोन तक्रारींची सरमिसळ झाली, की औषध चुकतं. न दिसणं बहुतेकांच्या बाबतीत जन्माचं असतं. माझ्या ताईच्या लहानपणी घरात दूरदर्शनही नव्हतं. शिवाय करमणुकीने कल्पना बिघडते ही ओरड नवी नाही, फक्त तिची दिशा उलटली आहे. १७७४ मध्ये जर्मन लेखक गटेची ‘वेर्थर’ ही कादंबरी आली तेव्हा तरुण पोरं नायकासारखा निळा कोट आणि पिवळा वेस्टकोट घालून हिंडू लागली, आणि पुढच्या वर्षी लाइपझिग शहराने पुस्तकासकट त्या पोशाखावरही बंदी घातली. त्याच्याही आधी, १६०५ मध्ये, सर्व्हांतेसने ‘डॉन किहोते’मध्ये जो नायक उभा केला तो तर पुस्तकं वाचून वाचून इतकं दिसायला लागलेला माणूस होता, की त्याला पवनचक्क्यांत राक्षस दिसत. तेव्हा धास्ती होती वाचकांना फार दिसतं याची. आज धास्ती आहे पुरेसं दिसत नाही याची. मधल्या मध्ये कादंबरीचं खरं काम, दुसऱ्या माणसाच्या जागी जाऊन उभं राहणं, दोन्ही वेळा चर्चेबाहेर.

‘बिचारीला वाचायला लावू नका’ म्हणणाऱ्यांवर माझा राग जास्त आहे, कारण त्यांची कीव शेऱ्यापेक्षा जास्त नुकसान करते. जन्मांध माणसं ब्रेलमधून कादंबऱ्या वाचतात, ध्वनिमुद्रित पुस्तकं ऐकतात, त्यांतल्या माणसांसाठी झुरतात. त्यांना आपण साहित्यातून वगळणार आहोत का? एकोणीस महिन्यांची असताना दृष्टी आणि श्रवण दोन्ही गमावलेली हेलन केलर पुस्तकांवर जगली, आणि तिने रंगांबद्दल, उजेडाबद्दल लिहिलं तेव्हा टीकाकारांनी तिला विचारलं, न पाहिलेल्या गोष्टींचे शब्द वापरण्याचा तुला हक्क काय? १९०८ सालच्या ‘द वर्ल्ड आय लिव्ह इन’मध्ये तिला याचं उत्तर द्यावं लागलं. शंभराहून जास्त वर्षं उलटली तरी आपण तोच प्रश्न सातवीतल्या मुलीला विचारतो आहोत. चित्र काढायला सांगणं चूक नाही. ज्यांना आवडतं त्यांनी जरूर काढावं. पण सोबत दुसऱ्या चौकटी का नसाव्यात? या प्रसंगात कुणाचा आवाज चढला असेल? कोण काय बोलायचं टाळतंय? खोलीत कसला वास असेल? तू तिथे असतीस तर कुणाच्या शेजारी बसली असतीस? यातलं एखादं तरी दार प्रत्येक मुलासाठी उघडं असतं.

शेऱ्याची धुळवड शांत झाल्यावर मी ती वर्कशीट मागवून घेतली. उतारा चांगला होता. घरी अवचित पाहुणे येतात, भाकऱ्या मोजक्याच असतात, आजी सगळ्यांना वाढते आणि स्वतः बसत नाही. मी पोरीला शेजारी बसवलं आणि चौकटीवर हात ठेवून म्हटलं, चित्राचं सोड, ही आजी तुला कशी वाटली ते सांग.

“ती खोटं बोलते, मावशीआजी.”

“कशावरून?”

“दोनदा म्हणते ती, मला भूक नाही, मला भूक नाही. खरंच नसती तर एकदाच म्हणाली असती.” तिने कागद माझ्याकडे वळवून त्या ओळीवर बोट ठेवलं. “आणि हे बघ ना, दुसऱ्यांदा तिला कुणी विचारलेलं पण नाहीये.”